उचंत खाते

सोलापूरच्या एका चादर कारखान्यात मी 26 वर्षे हिशेबनीस होतो आणि ओळखीचे लोक मला अजूनही दिवाणजीच म्हणतात. 2022 साली कारखान्याचे माग थांबले आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर माझ्या पत्नीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार-चार तासांचे डायलिसिस सुरू झाले. उपचार सरकारी योजनेत बसले, पण रिक्षाचे भाडे, वरची औषधे आणि माझे रिकामे हात कोणत्याच योजनेत बसत नव्हते. जमा-नावे मांडण्याची सवय अंगात मुरलेली असल्यामुळे मी देवाशीही तसाच हिशेब मांडून बसलो होतो. इतकी वर्षे एकादशी केली, सिद्धेश्वराचे दर्शन कधी चुकवले नाही, मग हे आमच्या नावे कशापायी पडले?

2023 च्या आषाढीला आमच्या पेठेतून चाळीसेक जणांची दिंडी निघणार होती. माझा जाण्याचा विचार नव्हता. पत्नी म्हणाली, "मंगळवारी लेक नेईल मला. तुम्ही रोज घरात बसून भिंतीशी भांडता, त्यापेक्षा त्याच्यापुढे जाऊन काय ते भांडून या." शुक्रवारच्या आत परत येण्याच्या बोलीवर मी सोमवारी, 26 जूनला पहाटे निघालो.

आळंदी-देहूच्या पालख्यांची वाट सर्वांच्या परिचयाची आहे. आमची वाट मात्र तिऱ्हे, कामती, माचणूर आणि मंगळवेढा अशी, सुमारे 80 किलोमीटरची. त्या वर्षी पाऊस लांबला होता. तिऱ्ह्याला सीनेचा पूल ओलांडताना खाली पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसत होती, आणि दोन्ही बाजूंची रानं नांगरून, कुळवून नुसती आभाळाकडे तोंड करून पडली होती. दुपारपर्यंत माझ्या डाव्या टाचेला फोड आला. टाळ वाजवणारे पुढे निघून गेले आणि मी मागे, पताकेवाल्या म्हाताऱ्यांच्या ओळीत येऊन पडलो. त्यांच्यापैकी कोणीही मला घरची विचारपूस केली नाही, याचे मला त्या दिवशी फार बरे वाटले.

कामतीच्या बाहेर एका वस्तीवर मुक्काम पडला. घरच्या बाईंनी पिठले-भाकरी केली. वाढून झाल्यावर मी सहज पेरणीची चौकशी केली, तेव्हा त्यांनी आतून एक गाडगे आणून दाखवले. राखेत घोळून ठेवलेली तूर होती ती. त्यांनी वरची राख बोटांनी बाजूला सारली, चार दाणे तळहातावर घेतले, कंदिलाजवळ नेऊन कीड लागली आहे का ते पाहिले आणि पुन्हा राखेत पुरले. डाळीचा डबा रिकामा असताना ही तूर घरात जपलेली होती, हे आधी जेवतानाच्या बोलण्यातून मला कळले होते.

"पाऊस नाहीच आला तर?" मी विचारले.

"न्हाई आला तर न्हाई, अण्णा. पण आल्यावर बी नको का घरात?"

त्यावर मला काही बोलता आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माचणूरला भीमेच्या घाटावर आम्ही पाय धुतले. याच परिसरात औरंगजेबाची छावणी काही वर्षे पडून होती, त्याच्या किल्ल्याचे अवशेष तिथे आहेत. पण आमच्या विणेकरी काकांनी दाखवले ते वेगळेच. भीमा पंढरपूरहून इकडे वाहत येते, म्हणजे चंद्रभागेचे पाणी आमच्या आधीच निघून आम्हाला वाटेत भेटले होते. हीच भीमा पुढे टाकळीला जाते आणि तिथून तिचे पाणी सोलापूरच्या नळाला येते. चार-पाच दिवसांआड का होईना, आम्ही घरी चंद्रभागाच भरून ठेवतो, हे इतकी वर्षे माझ्या ध्यानात आले नव्हते. मंगळवार होता. त्या वेळी पत्नी यंत्राला जोडलेली असणार, हे ओंजळीतल्या पाण्याकडे पाहताना आठवत राहिले.

संध्याकाळी मंगळवेढा आले. हे ज्वारीचे कोठार, आणि दामाजीपंतांचे गाव. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारे लोकांसाठी उघडली, आणि विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बिदरला धान्याची किंमत भरली, पावतीसुद्धा आणली, अशी कथा आहे. पावतीचा तो भाग मला लहानपणापासून आवडतो. देवानेही व्यवहार कागदावर चोख ठेवला! परंतु याच गावात 1338 साली गावकुसाचे बांधकाम चालू असताना वेठीला धरलेले चोखोबा कोसळलेल्या भिंतीखाली गाडले गेले. ज्याने दामाजीपंतांसाठी महाराचे रूप घेतले, त्याने खऱ्या चोखोबांसाठी भिंतीला हात का दिला नाही? मी हे भजनानंतर विणेकरी काकांना विचारले, जरा चढ्या आवाजातच. ते बराच वेळ वीणेची तार पुसत बसले आणि म्हणाले, "हाडं ओळखायला नामदेवराय आले, तेव्हा त्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू येत होतं म्हणतात. भिंत का पडली ते मला ठाऊक नाही, दिवाणजी. तुम्हाला ठाऊक आहे का?"

हिशेबाच्या वहीत एक उचंत खाते असते. एखादी रक्कम आली, पण ती कोणत्या सदरात घालायची याचा उलगडा झाला नाही, तर ती तिथे लिहून ठेवतात. ती खोडत नाहीत, आणि ताळा जुळावा म्हणून भलत्याच्या नावेही टाकत नाहीत. 26 वर्षे मी ते खाते सांभाळले होते. त्या रात्री चोखोबांची भिंत आणि माझ्या घरचे दुखणे मी तिथे नेऊन ठेवले आणि बऱ्याच महिन्यांनी सलग झोपलो. तक्रार संपली असे मुळीच नाही. फक्त ती उरावर घेऊन निजण्याची गरज राहिली नाही.

दशमीला पंढरपूर गाठले. पदस्पर्शाच्या रांगेत उभा राहिलो असतो तर शुक्रवार चुकला असता. म्हणून एकादशीला चंद्रभागेत स्नान केले, कळसाला हात जोडले आणि नामदेव पायरीशी येऊन समोरच्या चोखोबांच्या समाधीवर डोके टेकवले. गर्दीने मला दोन श्वासही तिथे थांबू दिले नाही. बुक्क्याची पुडी आणि चुरमुरे घेऊन रात्रीची एसटी धरली.

शुक्रवारी सकाळी पत्नीच्या दंडाला सुया लागल्यावर मी तिच्या कपाळाला बुक्का लावला.

"भांडलात का?" तिने विचारले.

"गर्दीत राहून गेलं," मी म्हणालो.

ती हसली. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा हात यंत्राला बांधलेला होता, त्यांनी काही न बोलता नुसते कपाळ पुढे केले. त्यांच्या पलीकडच्या बाईंनीही केले. चार तास संपेपर्यंत पुडी अर्ध्यावर आली होती.