तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्ट लिहून गरिबी हटते का?

मी विकसनशील देशांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेसाठी प्रश्नावल्या तयार करते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कधी हसत, कधी जरा टोचून: "एवढे सर्व्हे, एवढे रिपोर्ट, त्याने तिकडे काही बदलतं का, की तुमच्या नुसत्या कॉन्फरन्स होतात?" एरवी दोन वाक्यांत काहीतरी सांगून सुटका करून घेते, पण विचारलंतच आहे तर नीट सांगते. कॉन्फरन्स होतात, भरपूर होतात, ते नाकारत नाही.

पण आधी मोजणीचं बघा, कारण निम्मं काम तेच आहे आणि त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. ज्या देशात जन्म-मृत्यूची नोंद धड होत नाही तिथे बालमृत्यू किती हे कळतं कसं? सर्व्हेवाली बाई घरी जाते, आईसमोर बसते आणि विचारते, तुम्हाला झालेली सगळी मुलं सांगा, पहिल्यापासून, एकेकाची जन्मतारीख, जिवंत आहे का, नसेल तर किती महिन्यांचं असताना गेलं. अशी हजारो घरं झाली की देशाचा आकडा निघतो. डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे हे असंच काम, 1984 पासून 90 च्या वर देशांत झालेलं, आणि त्याचा मुख्य पैसा अमेरिकन सरकारचा होता, तो 2025 च्या सुरुवातीला थांबला आणि कित्येक देशांचे चालू सर्व्हे मधेच लटकले. म्हणजे तुमच्या देशातली किती मुलं दगावतात हे तुम्हाला कळणार की नाही ते दुसऱ्याच देशातल्या निवडणुकीवर ठरणार. हे मला अजून पचलेलं नाही.

आणि विचारता कसं यावर सगळं अवलंबून. भारतात नॅशनल सॅम्पल सर्व्हेने 1990 च्या दशकात एक प्रयोग केला, काही घरांना गेल्या 30 दिवसांचा खाण्यापिण्याचा खर्च विचारला, काहींना गेल्या 7 दिवसांचा. सात दिवसांचं लोकांना जास्त आठवतं, त्यामुळे खर्च जास्त दिसला, आणि नुसत्या तेवढ्यावर गरिबांची संख्या जवळपास निम्म्यावर आली असती! कुणाच्या ताटात घासभर जास्त पडला नव्हता, फक्त प्रश्न बदलला होता. त्यावर अर्थशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडले, आणि ते भांडण मला अजिबात फालतू वाटत नाही.

दुसरा भाग म्हणजे काय चालतं ते तपासणं. 2003 साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात जे-पाल हे गरिबीवरच्या योजना तपासणारं केंद्र सुरू झालं, अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना मायकेल क्रेमरसोबत 2019 चं नोबेल मिळालं, तेव्हापासून लोकांना हा भाग थोडाफार माहीत झालाय. पद्धत सोपी, चिठ्ठ्या टाकून निम्म्या गावांना योजना द्यायची, निम्म्यांना नाही, मग फरक बघायचा. केनियात मच्छरदाण्यांवरून वाद होता, फुकट दिलं की लोकांना किंमत नसते, थोडे पैसे घ्याच, असं भले भले म्हणायचे. तपासलं तर थोडी किंमत लावल्याबरोबर घेणारे धडाधड कमी झाले, आणि फुकट घेणारे ती पैसे देणाऱ्यांइतकीच वापरत होते. मायक्रोक्रेडिटचं, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देण्याचं, उलटं झालं. गरिबी पळवून लावणार म्हणून केवढा गाजावाजा, आणि 2015 मध्ये सहा देशांतले सहा अभ्यास एकत्र आले तर निष्कर्ष काय, थोडा फायदा होतो, आयुष्य पालटत नाही. माझ्या मते या संस्थांचं सगळ्यात मोठं काम हेच, ठामपणे बोलणाऱ्यांची बोलती बंद करणं.

पण कळलं म्हणून झालं असं नसतं ना! इथेच गाडी अडते. ओआरएसचं बघा. ढाक्यात 1960 साली कॉलरा संशोधनाची प्रयोगशाळा निघाली, तीच आजची आयसीडीडीआर,बी ही जुलाबाच्या आजारांवरची संशोधन संस्था. मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याचा रोगी वाचवता येतो हे तिथल्या संशोधकांनी 1968 मध्ये दाखवलं. 1971 च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपायला आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजायला लावलं आणि मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं ते 4 टक्क्यांच्या खाली आलं. झालं, पुरावा मिळाला. तरी घराघरांत पोरं जुलाबाने मरतच होती, कारण पुरावा जर्नलमध्ये आणि आई गावात.

मग बांगलादेशातल्या ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने 1980 ते 1990 घरोघर शिकवायला बाया पाठवल्या. मोजमापाची भांडी कुणाकडे नाहीत, म्हणून तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बाईला पगार किती, तर नंतर दुसरं कुणी जाऊन आईला विचारणार, तिला किती आठवतंय त्यावर. नुसत्या घरं मोजून पैसे दिले असते तर काय झालं असतं ते सांगायला नको. आयांना पाठ झालं, पण वापर मात्र फारच कमी! शोध घेतला तर शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता, स्वतःला जुलाब लागले की त्या गोळ्या घ्यायच्या. मग त्यांना आधी शास्त्र समजावलं, स्वतः प्यायला सांगितलं, पुरुषांशीही बोलणं सुरू केलं. असं करत करत 1 कोटी 20 लाखांच्या वर घरं झाली. मला या सगळ्यात ती मधली पायरी आवडते, आकडा वाईट आला तेव्हा लपवला नाही, कारण शोधलं.

सरकारांचा भाग याहून बेभरवशाचा. मेक्सिकोत 1997 मध्ये प्रोग्रेसा आली, मुलं शाळेत आणि दवाखान्यात नेली तर आईच्या हातात रोख पैसे. ती आखणारे अर्थतज्ज्ञ सान्तियागो लेव्ही यांनी सुरुवातीलाच बाहेरच्या संस्थेकडून मूल्यमापन लावून घेतलं, त्यामुळे 2000 साली सत्ता बदलली तरी नाव बदलून योजना टिकली आणि कितीतरी देशांनी उचलली. आणि 2019 मध्ये नव्या सरकारने ती गुंडाळली, एवढे अभ्यास असूनही.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. प्रश्न लंडन-वॉशिंग्टनमध्ये ठरतात, चिखल तुडवतात स्थानिक पोरं-पोरी, आणि रिसर्च पेपरवर त्यांचं नाव कुठेतरी तळटीपेत, तेही नशीब असेल तर. ज्यांच्याकडे तासभर बसून माहिती घेतली त्यांना निकाल कळवायला बजेट नसतं. नैरोबीतल्या आफ्रिकन पॉप्युलेशन अँड हेल्थ रिसर्च सेंटरसारख्या तिथल्याच लोकांनी चालवलेल्या संस्था वाढतायत, ते बरं आहे.

तेव्हा कुठल्या संस्थेला पैसे द्यावेत असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते, गेल्या पाच वर्षांत तुमचं काय फसलं आणि ते छापलंत कुठे हे त्यांना विचारा. उत्तर द्यायला फार वेळ लागला तर दुसरी संस्था बघा.