वडिलांच्या नावचा परवाना माझ्या नावावर होताना – माझा अनुभव

महापालिकेच्या परवाना विभागाची खिडकी क्रमांक चार. शहराचं नाव लिहीत नाही, कारण दर मार्चमध्ये नूतनीकरणासाठी मला त्याच खिडकीत वाकायचं आहे. वाकायचंच, कारण ती खिडकी कुठल्या मापाने बसवली देव जाणे, उभ्या माणसाच्या पोटाशी येते. आतल्या माणसाशी बोलायचं तर आपोआप कमरेत वाकलेले असता आणि हातात फाइल असते.

एसटी स्टँडासमोर आमचं लहानसं हॉटेल आहे. आठ टेबलं, सकाळी मिसळ आणि वडा, दुपारी राइस प्लेट, चहा दिवसभर. वडिलांनी उभं केलं, गल्ल्यावरही तेच बसायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते अचानक गेले. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. तेराव्यानंतर शटर उघडलं आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की हॉटेल घराचं असलं तरी कागदावर ते एकाच माणसाचं होतं. बँकेने खातं गोठवलं, त्याबरोबर काउंटरवरचा क्यूआर कोड मेला. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून म्हणायचं, "जात नाही हो," आणि मी गल्ल्यात सुट्टे शोधत बसायचो. कुणाकुणाला सांगणार, की ज्यांच्या नावाने पैसे जायचे ते आता नाहीत.

जीएसटीचा नंबर पॅनला बांधलेला असतो, त्यामुळे तो नवाच घ्यावा लागला. दहापेक्षा कमी कामगार असल्यामुळे दुकाने-आस्थापना कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना पुरली. वीज, गॅस, सगळं झालं. कसं झालं ते आता नीट आठवतही नाही. अन्न परवान्याचं मात्र सांगून ठेवतो: परवानाधारक वारला तर तो परवाना वारसांसाठी ९० दिवस चालू राहतो, त्या मुदतीत हस्तांतरणाचा अर्ज करायचा असतो. मला हे ८१व्या दिवशी कळलं. कुणी सांगितलं ते पुढे येईल.

तर खिडकी चार. महापालिकेचा व्यवसाय परवाना, महापालिका कायद्याच्या कलम ३७६ खालचा. वडिलांनी तो काचेच्या फ्रेममध्ये घालून गल्ल्यामागे, दत्ताच्या तसबिरीशेजारी लावला होता. दरवर्षी ३१ मार्चच्या आत नूतनीकरण. मी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो, म्हटलं आधी फी भरून टाकू, नावाचं मागाहून बघू.

"परवानाधारक कुठंयत?"

"वारले."

"मग नूतनीकरण कसं होणार? त्यांची सही लागते. आधी नाव बदलून आणा."

नाव बदलायला कुठे जायचं, तर तीच खिडकी. तिथे सांगितलं, की चालू वर्षाचा परवाना असेल तरच हस्तांतरण होतं, आधी नूतनीकरण करा. मी दोनदा विचारलं, कारण मला वाटलं आपल्याच ऐकण्यात चूक झाली. नव्हती झाली. एप्रिल उजाडला आणि वडिलांच्या नावावर विलंब शुल्क चढायला लागलं.

मग यादी सुरू झाली. एकदम दिली असती तर मी तिला यादी म्हटलं असतं. प्रत्येक खेपेला एक कागद मिळायचा, दिवाळीत फराळ वाटतात तसा, प्रत्येक घरी थोडाथोडा. पहिल्या खेपेला मूळ परवाना. झेरॉक्स चालणार नाही म्हणाले. फ्रेम उघडली तर वीस वर्षांच्या वाफेने कागद काचेला चिकटलेला. काढताना खालचा कोपरा फाटला, नेमका शिक्क्याचा. "हा तर फाटका आहे." दुसऱ्या खेपेला मालमत्ता कराची थकबाकी नसल्याचा दाखला. तिसऱ्या खेपेला अग्निशमनाचा. चौथ्या खेपेला न्यायालयातून वारस प्रमाणपत्र. वकिलाला विचारलं तर तो म्हणाला अर्ज, जाहीर नोटीस, हरकतींची मुदत, काही महिने धरून चाला. पाचव्या खेपेला खिडकीवर नवीन माणूस होता. त्याने पहिल्यापासून सगळं बघितलं आणि परवान्यावर बोट ठेवलं.

"इथं दत्तात्रय आहे. मृत्यू दाखल्यावर दत्तात्रेय."

एक मात्रा. वडील स्वतः कधी अशी सही करत, कधी तशी. आयुष्यभर कुणाचं काही अडलं नव्हतं.

"मग काय करायचं?"

"राजपत्रात नाव बदल करून आणा."

"अहो, ते वारलेत."

तो थोडा थांबला. खरंच थांबला, मला वाटलं आता हसेल. म्हणाला, "मग साहेबांना विचारावं लागेल. साहेब सोमवारी."

सोमवारी साहेब नव्हते. पुढच्या सोमवारी सुट्टी. या सगळ्या खेपांमध्ये माझ्याकडे एकही कागद असा नव्हता, की ज्यावरून मी तिथे गेलो होतो असं सिद्ध झालं असतं. दर वेळी फाइल आत जायची, उलटायची आणि परत माझ्या हातात. ही माझी सगळ्यात मोठी चूक. मी नोकरदार माणूस. हॉटेलवाल्याचा मुलगा असूनही खिडकीत कागद टाकून शिक्का मागायचं मला सुचलं नाही. उलट एकदा आवाज चढवला, त्याने अजून एक सोमवार गेला.

हॉटेल मालकांची संघटना आमच्या गावात आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं. माझ्या लेखी ती म्हणजे वर्गणीचं पावतीपुस्तक, वर्षातून एक सहल आणि सत्यनारायण. वडील नेमाने वर्गणी भरायचे आणि मी चेष्टा करायचो. पावत्या सगळ्या बिस्किटाच्या डब्यात सापडल्या. एप्रिलच्या शेवटी शेजारचे ज्यूसवाले मला जवळजवळ दंडाला धरून तिथे घेऊन गेले.

भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक संगणक, एक लोखंडी कपाट. सेक्रेटरी मूळचे उडुपीकडचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मराठी माझ्याहून चोख. त्यांनी सांत्वनाचं एक वाक्य बोलून लगेच विचारलं, "अन्न परवान्याचे नव्वद दिवस मोजलेस का?" मी मोबाइलवर मोजले. ८१. पहिला तासभर आम्ही तोच अर्ज भरला, खिडकी चारचं नावही निघालं नाही.

मग त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. पाठीवर मार्करने लिहिलेलं – वारस. २०२० आणि २०२१ मध्ये करोनात संघटनेचे काही मालक गेले होते, त्यांची ही प्रकरणं. कुणाच्या बायकोच्या नावावर परवाना करायचा होता, कुणाच्या मुलाच्या, एकाच्या तर सुनेच्या. प्रत्येकाचा अर्ज, लावलेले कागद, कार्यालयाने दिलेलं उत्तर, मंजुरीची प्रत, सगळं तारखेप्रमाणे टाचलेलं. आणि एकाही प्रकरणात न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र नव्हतं. त्याच महापालिकेने, त्याच विभागाने, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्यांची संमती यावर नावं बदलून दिली होती. खिडकीवरची माणसं बदलतात, हे कपाट बदलत नाही. मी ती फाइल चाळत बसलो, मधेच एक ओळखीचं नाव आलं. आमच्या समोरच्या गल्लीत खानावळ चालवायचे ते. पुढे चाळवेना.

मात्रेचं ऐकून अण्णा हसले. "दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र कर." मी म्हटलं, खिडकीवर शंभराचा स्टॅम्प मागतील. त्यांनी टेबलाच्या काचेखालून एक कागद काढला, कडा पिवळ्या पडलेला: १ जुलै २००४ चा शासनाचा आदेश, सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रावर मुद्रांक शुल्क माफ. "साध्या कागदावर कर. मागितला तर ही प्रत दे. तरी मागितला तर म्हण, लेखी द्या."

लेखी द्या. हे दोन शब्द मी सहा आठवड्यांत एकदाही उच्चारले नव्हते.

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. परवान्याचं हस्तांतरण ही त्यात अधिसूचित सेवा आहे, म्हणजे तिला मुदत आहे, जबाबदार अधिकारी आहे. अर्जाची पोच देणं बंधनकारक आहे आणि नाकारायचं तर कारण लेखी द्यावं लागतं. मुदतीत काम झालं नाही तर पहिलं अपील, मग दुसरं, शेवटी आयोग. चुकणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम ऐकून मी नाक मुरडलं. अण्णा म्हणाले, रकमेला कोण घाबरतं, नोंदीला घाबरतात.

अर्ज खिडकीत दिलाच नाही. सगळी फाइल आवक-जावक विभागात टाकली, पृष्ठक्रमांक घालून, सोबत कागदांची यादी, आणि आमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, नंबर घेतला. संघटनेचं पत्रही जोडलं: जुन्या पाच प्रकरणांचे मंजुरी क्रमांक, शेवटी एक ओळ, 'याच धर्तीवर निर्णय व्हावा ही विनंती.' धमकी नाही, काही नाही. बहिणींच्या संमतीला वेळ गेला. मोठी नागपूरला, तिने आठवड्यात पाठवली. धाकटी शारजात, तिला दुबईच्या भारतीय वकिलातीत जाऊन साक्षांकन करावं लागलं. त्यासाठी तिने रजा टाकली हे तिने मला दोन महिन्यांनी सांगितलं.

शिक्का मिळाल्यावर सगळं चुटकीसरशी झालं असं लिहायला आवडलं असतं. मुदत उलटली, काही आलं नाही. मी पहिलं अपील टाकलं. सुनावणीला साहेब भेटले, शांत, सभ्य गृहस्थ. त्यांनी फाइल पाहिली आणि विचारलं, "यात अडलंय काय?" खिडकी चारवाला शेजारी उभा होता. म्हणाला, "काही नाही साहेब, मात्रेचं होतं." ऑगस्टच्या अखेरीला परवाना हातात आला. विलंब शुल्क मात्र पूर्ण भरावं लागलं, त्यावर अण्णांचंही काही चाललं नाही. मला ते अजून खुपतं.

अग्निशमनाचा विषय मधेच राहिला. मान्यताप्राप्त एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये 'ब' नमुना प्रमाणपत्र, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घ्यायचं असतं. एकट्याने बोलावलं तर एजन्सी वाटेल तो भाव सांगते. संघटनेतून चाळीस-पन्नास हॉटेलांचं एकदम होतं, दर ठरलेला. कामगारांची वर्षाची वैद्यकीय तपासणीही तशीच, डॉक्टर संघटनेच्या खोलीत येऊन बसतात. अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेला एक माणूस दर २५ कामगारांमागे लागतो; माझ्याकडे सहाच जण, तरी एक लागतोच. तो वर्ग मी स्वतः केला. तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांपुढे गेले की ते तेल वापरायचं नाही, हे वडिलांच्या वेळच्या वस्ताद आचाऱ्याला मीटर दाखवून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मला वासावरून कळतं." बहुतेक वेळा त्याचं बरोबरही असतं.

संघटनेचं सगळंच गोड मानतो असं नाही. तिथे अधूनमधून कुणीतरी उठून म्हणतं, चला, सगळे मिळून चहा दोन रुपयांनी वाढवू. एकत्र बसून भाव बांधणं स्पर्धा कायद्यात बसत नाही, आणि माझ्या गिऱ्हाइकाला तर मुळीच परवडत नाही. १४ जुलै २०२५ ला परमिट रूमवरचा व्हॅट ५ वरून १० टक्के केला म्हणून राज्यभर बार बंद राहिले, तेव्हा आमच्या ग्रुपवर चर्चा निघाली, की साध्या हॉटेलांनीही पाठिंबा म्हणून शटर ओढावं. मी उघडं ठेवलं. एसटीतून उतरलेल्या माणसाने चहा कुठे प्यायचा? दोन जणांनी बोलणं सोडलं, आता पुन्हा बोलतात. मोठ्या बारवाल्यांचा आवाज तिथे मोठा असतो, हे खरंच आहे. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये आमच्यासारख्या हॉटेलांतल्या खाण्यावरचा जीएसटी १८ आणि १२ वरून ५ टक्के झाला, तेव्हा त्यामागे देशभरच्या अशाच संघटनांची निवेदनं होती, ही अण्णांची आवडती गोष्ट. 'आणि त्याबरोबर इनपुट क्रेडिट गेलं', म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट गेली, हे ते हळू आवाजात सांगतात.

वर्गणी दीड हजार आहे. या वर्षी मी न मागता भरली. माझ्या प्रकरणाचे सगळे कागद झेरॉक्स करून अण्णांकडे दिले, त्यांनी ते त्याच फाइलमध्ये टाचले. त्यात वडिलांचं नाव दोन्ही प्रकारे आहे.

एक राहिलंच. मूळ परवाना काचेला लागून फ्रेम करू नका. आमच्या भिंतीवर आता रंगीत झेरॉक्स आहे. मूळ कागद, फाटक्या कोपऱ्याचा जुना आणि नवा दोन्ही, आईच्या कपाटात साड्यांखाली आहेत.