त्या वाळक्या फांदीच्या जरा डावीकडे

काल दुपारी मोबाईलमधले फोटो डिलीट करत बसले होते, स्टोरेज फुल झालंय म्हणून फोन रोज कुरकुर करतो. मागच्या रविवारी भाच्याला घेऊन माथेरानला गेले होते त्याचे शंभरेक फोटो, आणि बघते तर त्यातल्या निम्म्यांत कोपऱ्यात एक बोट. माझंच. नेलपॉलिश उडालेलं, आणि दरीत कुठेतरी रोखलेलं.

म्हणजे झालं. मी बाबा झाले.

बाबांना पॉइंटवर गप्प उभं राहणं जमायचंच नाही. "ते काय, त्या वाळक्या फांदीच्या जरा डावीकडे बघ, दिसला? प्रबळगड. आणि त्याला चिकटून उभाय तो सुळका, कलावंतीण." मला फांदीसुद्धा दिसायची नाही. तरी मी "हो हो, दिसला" म्हणायचे कारण नाही म्हटलं की परत फांदीपासून सुरुवात, आणि तिकडे आई डबा उघडून बसलेली, थालीपिठाचा वास येतोय. श्रावणात तर समोर नुसता कापूस. तरी बोट चालूच. लुईझा पॉइंटच्या रेलिंगला टेकून, केसांतून पाणी निथळतंय आणि हा माणूस पांढऱ्या शून्यात बोट दाखवून सांगतोय, "आत्ता दिसत नाहीये, पण तिथेच आहे."

नेरळहून आम्ही चालतच जायचो. टॉय ट्रेनमध्ये बसणं म्हणजे बाबांच्या लेखी लाचखोरीच्या खालोखालचा गुन्हा. "1907 पासून ही बया अशीच रखडतेय, आपण आधी पोचू." एकदा खरंच आधी पोचलो, ते पुढे पंधरा वर्षं ऐकलं.

यावेळी मात्र भाच्याला घेऊन चौक गावाच्या बाजूने चढले, वन ट्री हिलला निघते ती वाट. सकाळी थंडी, मग कारवीच्या झुडपांतून घाम, मध्येच अंजन-जांभळाची गार सावली लागली की वाटतं इथेच आडवं व्हावं आणि वर जाऊच नये. शेवटचा घळीतला टप्पा चारी पायांवर. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये याच अंगाने वर आला आणि त्याने माथेरान शोधलं म्हणे. ठाकर-धनगर तिथे पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करत होते, पण त्यांनी शोधलं असं कुणी लिहिलं नाही, कारण त्यांचं काही हरवलंच नव्हतं. (हा विनोद बाबांचा. दर ट्रिपला एकदा.)

वर पोचलो तेव्हा भाच्याचे बूट मोजे सगळं लाल झालेलं. ती माती तीन धुण्यांत जात नाही, माझी बहीण अजून माझ्याशी धड बोलत नाहीये.

वन ट्री हिलवर बसून पोळीचा रोल खाल्ला, माकडांकडे पाठ करून. समोर मोरबे धरणाचं पाणी चकाकत होतं, माझ्या लहानपणी ते नव्हतंच. आणि पलीकडे इर्शाळगड. माझं बोट आपोआप वर. "ते बघ, इर्शाळ. त्याला नेढं आहे, आरपार भोक." बाबा म्हणायचे नेढं इथूनही दिसतं. मला कधी दिसलं नाही, पण मी भाच्याला दिसतं म्हणूनच सांगितलं, आणि तोही बेरकी, लगेच "हो हो, दिसलं."

मग रोल चावता चावता म्हणाला, "मावशी, इर्शाळवाडी हीच ना? न्यूजमधली?"

हीच. 19 जुलै 2023 ची रात्र, पाऊस, लोक झोपलेले आणि वरून डोंगर आला. सत्तावीस मृतदेह सापडले. सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत, चार दिवसांनी शोध थांबवला. बाबांनी मला सुळका दाखवला, नेढं दाखवलं, किल्ल्याचा इतिहास तोंडपाठ करून घेतला. त्याच्या पायथ्याला ठाकरांची घरं आहेत हे काही त्यांच्या बोटाने कधी दाखवलं नाही. मीही विचारलं नाही.

"कुठेय पण वाडी? दाखव ना."

मी बोट वर केलं. फांदी शोधली, डावीकडे आले, थोडं खाली आले.

"आत्ता दिसत नाहीये," म्हटलं. पुढचं अर्धं वाक्य तोंडात आलं होतं. ते गिळलं आणि पाण्याची बाटली शोधायला लागले.