डब्याच्या मागची दोन अक्षरे

पुण्याच्या नाना पेठेत दुचाकींचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात जाऊन इंजिन ऑइल मागितले, की काउंटरमागचा माणूस मान वर न करता एकच प्रश्न विचारतो, ‘गाडी कुठली?’ प्रश्न अगदी नेमका असतो; पण त्याचे उत्तर देता देता गिऱ्हाइकाची नजर मागच्या फळीवरच्या सोनेरी, लाल, चंदेरी डब्यांवर खिळलेली असते. डब्याच्या दर्शनी बाजूला गुडघा रस्त्याला टेकवून वळण घेणारा रेसर असतो आणि ‘फुल सिंथेटिक’ हे शब्द ठसठशीत छापलेले असतात. आपली गाडी रोज कात्रज ते स्वारगेट एवढेच अंतर कापत असली, तरी त्या रेसरचा मोह पडतोच. कामाची माहिती मात्र डब्याच्या मागे, चष्मा शोधावा लागेल इतक्या बारीक टायपात असते, आणि तिथेही सर्वांत महत्त्वाची असतात ती दोनच अक्षरे: एम ए किंवा एम बी.

चारचाकीत इंजिनाचे ऑइल इंजिनापुरते असते. गिअरबॉक्सला वेगळे ऑइल लागते आणि साध्या गिअरच्या गाडीचा क्लच कोरडा असतो. बहुतेक मोटारसायकलींत मात्र एकाच ऑइलला पिस्टन सांभाळावा लागतो, गिअरचे दाते सांभाळावे लागतात आणि त्यातच बुडालेल्या क्लच प्लेट्सही सांभाळाव्या लागतात. ही नोकरी मोठी विचित्र आहे, कारण पिस्टनला घर्षण नको असते आणि क्लचचे सगळे काम घर्षणावरच चालते. मोटारींसाठीच्या ऑइलमध्ये इंधन वाचवण्याच्या हेतूने घर्षण कमी करणारी रसायने वाढू लागली, तेव्हा दुचाकींचे क्लच सरकू लागले, आणि म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये ‘जासो’ या संस्थेने चारस्ट्रोक दुचाकींच्या ऑइलसाठी स्वतंत्र मानक आणले. ओल्या क्लचच्या मोटारसायकलींना एम ए, आणि ज्यांचा क्लच ऑइलमध्ये नसतोच अशा गिअरलेस स्कूटरना एम बी. पुढे २००६ मध्ये एम ए चे एम ए १ आणि एम ए २ असे दोन भाग झाले. त्यांतला एम ए २ क्लचची पकड अधिक घट्ट ठेवतो.

घरातल्या मोटारीच्या सर्व्हिसिंगमधून उरलेले अर्धा लिटर उंची ऑइल मोटारसायकलमध्ये ओतणारे काटकसरी लोक माझ्या परिचयात आहेत. त्याचा हिशेब घाटात होतो. खंबाटकी चढताना मूठ पिळली, की इंजिन रडू लागते, आवाज वाढतो, पण गाडी पुढे सरकत नाही, कारण प्लेट्स एकमेकींवरून घसरत असतात. उलट चूक तितकीशी महाग पडत नाही. स्कूटरमध्ये एम ए ऑइल गेले, तर मायलेज किंचित घटेल, बाकी काही बिघडत नाही. स्कूटरच्या मागच्या चाकापाशी गिअर ऑइलचा एक छोटा साठा असतो, शंभर-सव्वाशे मिलिलिटरचा, आणि तो बदलायचा असतो हे निम्म्या मालकांच्या गावीही नसते. पण ते असो.

दुसरा वाद डब्यावरच्या ‘२० डब्ल्यू ५०’ सारख्या आकड्यांचा. ‘साहेब, वीस-पन्नास टाकू, इंजिन गार राहतं,’ असे गॅरेजवाला ठामपणे सांगतो, आणि त्याच्या बोलण्यात पूर्वीच्या इंजिनांचा अनुभव असतो. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतले वागणे सांगतो आणि नंतरचा शंभर अंश सेल्सिअसला उरणारा दाटपणा. २० डब्ल्यू ऑइलमध्ये इंजिन फिरते की नाही याची चाचणी उणे १५ अंशांना होते. निफाडची गाजलेली थंडीही त्याच्या जवळपास जात नाही. मग पूर्वी २० डब्ल्यू ४० सुचवले जात असे, तशा प्रकारच्या कित्येक गाड्यांच्या पुस्तिकांत आज १० डब्ल्यू ३० का असते? कारण पातळ ऑइल सकाळच्या पहिल्या किकला वरच्या भागापर्यंत लवकर पोहोचते आणि इंजिनाला ते ढवळायला कमी ताकद लागते. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा ज्या देशात पहिला प्रश्न असतो, तिथे हे कारण पुरेसे आहे. इंजिनातल्या फटी आणि पंप त्या ऑइलला धरूनच ठरवलेले असतात, त्यामुळे या बाबतीत मी गॅरेजवाल्यापेक्षा पुस्तिकेचे ऐकतो. जुन्या बुलेटचे गणित वेगळे, तिला दाट ऑइलच मानवते.

फिल्टरच्या बाबतीत तर गंमतच आहे. रस्त्यावर सर्वांत जास्त दिसणाऱ्या स्प्लेंडरला ‘चांगला ऑइल फिल्टर टाका’ असे सांगणारे लोक भेटतात, पण त्या इंजिनात बदलायचा कागदी फिल्टर मुळी नसतोच. तिथे चहाच्या गाळणीसारखी तारेची एक जाळी असते आणि क्रँकवर, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्यावर, फिरणारी एक वाटी असते. वाटी गरगर फिरते, जड कचरा बाहेर फेकला जातो आणि कडेला थरावर थर बसत जातो. उजव्या बाजूचे कव्हर काढल्याशिवाय हा थर दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षे तो कोणी काढतही नाही. कव्हर उघडल्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडून निघणारा तो काळा, घट्ट लगदा एकदा पाहावा; चकचकीत डब्याच्या जाहिरातीपेक्षा तो पुष्कळ काही सांगतो.

ज्या गाड्यांना मुठीत मावणारा कागदी फिल्टर असतो, त्यांच्या मालकांपुढे मात्र निवड असते. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला फिल्टर पुष्कळदा दुसऱ्याच कारखान्यात बनलेला असतो, आणि तो कारखाना आपल्या नावानेही फिल्टर विकतो, त्यामुळे ‘बाहेरचा’ म्हणजे हलका असे सरसकट म्हणता येत नाही. नाव नसलेला फिल्टर हातात घेतला, तर कागदाच्या चुण्या कुठे दाटलेल्या तर कुठे फाकलेल्या दिसतात, टोकाच्या टोपीचा गोंद एका बाजूला ओघळलेला असतो आणि रबर नखाने दाबले तरी दबत नाही. अशा रबराशेजारून ऑइल न गाळताच पुढे निघून जाते. चालवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही आणि वाचलेले पैसे खिशात दिसत राहतात.

हवेच्या फिल्टरवर अन्याय होतो तो सफाईच्या नावाखाली. अनेक स्कूटरांत आता तेलाचा हात दिलेला कागदी फिल्टर असतो; धूळ त्याला चिकटून राहावी हीच योजना. तो काळपट दिसला, की मेकॅनिक हौसेने कॉम्प्रेसरची हवा मारतो. हवेने धूळ कागदात आणखी खोल जाते किंवा कागदच फाटतो. हा फिल्टर झटकायचा नसतो, बदलायचाच असतो. धुऊन पुन्हा वापरायचे कापडी फिल्टर मिळतात, त्यांच्यावर मात्र धुतल्यानंतर त्यांचे तेल मोजून, पातळ हाताने लावावे लागते, आणि ज्याला चेन पुसायचाही कंटाळा आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये.

शेवटचा मुद्दा ओतण्याचा. झाकणाखालचे सील आपल्यासमोर फोडून घ्यावे आणि रिकामा डबा तिथेच भोक पाडून टाकावा, म्हणजे त्यात दुसरे काही भरून तो पुन्हा फळीवर येणार नाही. डबा संपेपर्यंत ओतण्याचा आग्रहही नसावा, कारण इंजिनात मावणारे माप डब्याच्या मापाशी जुळेलच असे नाही. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करावी, इंजिन थोडे चालवून बंद करावे, दोन-तीन मिनिटे थांबून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी खुणांची काडी, पुसावी आणि पुस्तिकेत सांगितले असेल त्याप्रमाणे, म्हणजे अनेक गाड्यांत आटे न फिरवता नुसती टेकवून, पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे.