फ्रीजरच्या सुरात

पहिली दोन वर्षं मी फक्त ऑर्डरचे केक केले. एक ओव्हन, एक फ्रीजर, आणि रात्री भांडी घासायलाही मीच. परवाने, हप्ते, उधारी हे सगळ्यांच्याच नशिबी असतं, ते सांगत बसत नाही. धंद्याला वळण लागलं ते एका फोनमुळे. आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस, बारा माणसांचं जेवण, शेवटी "कधी खाल्लं नसेल असं काहीतरी गोड" आणि एक गाणं, सगळं तुम्हीच बघा, असं त्या बाई म्हणाल्या. मी हो म्हणून मोकळी झाले. गाणारी घरातच होती, माझी थोरली बहीण.

गोड म्हणून मी साखरेचे काचेसारखे घुमट केले, आत आइस्क्रीम. पाक दीडशे अंशांच्या वर नेला, घुमट झकास उतरले. पण साखर हवेतला ओलावा ओढते, आणि त्या दिवशी पाऊस होता. वाढायच्या वेळेपर्यंत घुमट बोटांना चिकटायला लागले. त्यात ताईने गाणं धरलं ते चांगलं सात मिनिटांचं. पाहुणे सभ्य, गाणं चालू असताना चमचा कोण उचलणार? बारा बशा परत आल्या त्या गोड सूप भरून. टाळ्या मात्र जोरात पडल्या, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर घुमट आयसोमॉल्ट या साखरेऐवजीच्या पदार्थाचे करते, तो ओलावा फारच कमी ओढतो. खरा प्रश्न मात्र वेळेचा होता. गोड आणि गाणं यांची जोडी आमच्या डोक्यातून निघालेली नाही. गायिका नेली मेल्बाचा 'लोहेनग्रिन' हा ऑपेरा ऐकून नामवंत शेफ एस्कॉफिएने १८९०च्या दशकात तिच्यासाठी पीच आणि व्हॅनिला आइस्क्रीम बर्फाच्या हंसात ठेवून पाठवलं होतं. तिथे गाणं आधी आणि गोड नंतर, इतकं साधं! मीच उलटं करून बसले होते.

मग थांबू शकणारे पदार्थ शोधले. जिलेटिनची जेली पस्तीस अंशांच्या आसपास विरघळते, समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अगारची पंच्याऐंशीच्या आसपास, म्हणून अगारची जेली गरमसुद्धा वाढता येते. निकोलस कुर्ती या भौतिकशास्त्रज्ञाने १९६९मध्ये बाहेरून गार, आतून गरम असं गोड करून दाखवलं होतं. मायक्रोवेव्हमध्ये बर्फ फारसा तापत नाही, आतलं द्रव सारण मात्र तापतं. माझे पहिले चार प्रयत्न फुटले, पाचवा जमला. तोच आजही आमचा सगळ्यात जास्त मागणी असलेला पदार्थ आहे.

२०१२मध्ये ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकच टॉफी, पण उंच सुरांबरोबर लोकांना ती जास्त गोड लागली, खर्जाबरोबर जास्त कडू. ताईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मी वरच गात राहिले की तुझी साखर वाचेल!"

लक्षात राहिलेली रात्र मात्र वेगळीच. सोळा खुर्च्यांचं एकच टेबल, जेवण संपलेलं. ताईचा माइक ऐन वेळी बंद पडला. ती तशीच गायला उभी राहिली, आ लावला आणि थांबली. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. मला म्हणाली, "अगं, तुझा फ्रीजर बेसूर आहे की मी?" खरंच, फ्रीजर गुणगुणत होता. ५० हर्ट्झच्या विजेवर त्याची घरघर १०० हर्ट्झला येते, म्हणजे पेटीवरच्या पांढरी पाचच्या किंचित वर. ताईची पट्टी तिला लागूनची काळी चार. दोन्हींचं कुरकुरत होतं. फ्रीजर बंद करणं शक्य नव्हतं, आत सोळा बशा तयार होत्या.

मग तिनेच पट्टी थोडी उतरवली आणि फ्रीजरचा सूर धरला. सहा मिनिटं ती त्या घरघरीवर गायली. मी दारातच, हातात ट्रे. मध्येच कॉम्प्रेसर थांबला आणि उरला फक्त तिचा आवाज, जिथल्या तिथे. टेबलावरच्या एका आजोबांनी डोळे मिटले होते, ते गोड वाढून झालं तरी उघडले नाहीत. त्यांची बशी मी दोनदा बदलली.

गेल्या महिन्यात नवा फ्रीजर घेतला, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा, आवाज जवळजवळ नाहीच. ताईने दाराला कान लावून बघितला आणि म्हणाली, "आता सूर कोणाकडून घेऊ?"

जुना विकायचा राहिलाय. सध्या त्यात नुसता बर्फ आहे.