खिडकीतून गेलेली पेटी

पावसच्या आमच्या बागेतल्या आंब्याच्या पेट्यांचा हिशेब काका लाल वहीत ठेवत. दोन वर्षांपूर्वी मी तो हौसेनं डेटाबेसमध्ये आणला. एक टेबल गिऱ्हाइकांचं, एक रवाना झालेल्या पेट्यांचं. मे सरत आला, आभाळ भरून यायला लागलं, तेव्हा कोणाकोणाची पेटी जायची राहिली ते हवं होतं. 'नॉट इन' ('यात नाही') लावून साधी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, लिहिली: ज्यांचा क्रमांक रवाना टेबलात नाही, ते दाखव.

उत्तर आलं, शून्य ओळी.

"म्हणजे सगळ्यांना पोचल्या!" काका हाताला चिकटलेला पेंढा झटकत चहाला उठले. पडवीत भरलेल्या पेट्या तशाच रचलेल्या होत्या, पण संगणक म्हणतोय म्हटल्यावर मीही चहाला बसलो. संध्याकाळी ठाण्याहून फोन. "यंदा आम्हाला विसरलात वाटतं?"

रात्री एकेक ओळ तपासली. एका पेटीपुढे गिऱ्हाइकाचा रकाना 'नल'. काकांना आठवलं, एसटी थांबली होती, अंधारात कुणीतरी खिडकीतून पैसे देऊन पेटी आत ओढून घेतली. नाव विचारणार कधी? वहीत नुसती रेघ, आणि मी ती इमानानं नल म्हणून भरलेली.

नल म्हणजे शून्य नव्हे, नल म्हणजे 'माहीत नाही'. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती टेबलांत मांडायचं रिलेशनल मॉडेल मांडलं. पुढे त्यावर उभ्या राहिलेल्या एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेत खरं आणि खोटं यांच्या पंगतीला हे तिसरं उत्तरही बसलं. ठाणेकर ४१ नंबरचे. 'नॉट इन' त्यांना रवाना टेबलातल्या एकेका क्रमांकाशी ताडून बघतं. ४१ म्हणजे १७ नव्हे, खरं. २३ नव्हे, खरं. आणि त्या रेघेवरचा माणूस नव्हे? माहीत नाही. झालं, अख्खं उत्तरच 'माहीत नाही', आणि क्वेरी देते फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी. एरर तरी द्यायची! तीही नाही.

'नॉट एक्झिस्ट्स' लिहून, म्हणजे ज्यांच्या क्रमांकाशी जुळणारी ओळच सापडत नाही ते दाखव असं सांगून, पुन्हा चालवली. ११ नावं आली.

मी तावातावानं काकांना हे सगळं ऐकवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बरोबरच आहे की त्याचं. ती पेटी या ११ जणांतल्याच कुणी नेली नसेल कशावरून? आधी फोन लाव सगळ्यांना, मग बांधू."