मंडळांच्या भोंग्यांपासून गिटार अ‍ॅम्पपर्यंत: आमची वाटचाल

आमचं दुकान पुण्यात, तपकीर गल्लीपासून दोन मिनिटांवर. बाबांचं काम स्पीकरची कॉइल, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, भरण्याचं. गणपतीच्या आधी महिनाभर मंडळांचे फाटलेले, जळालेले स्पीकर दारापर्यंत रचलेले असायचे. शाळेतून आलो की चौकटीवरचा जुना डिंक खरवडणं माझ्याकडे.

पहिला गिटार अ‍ॅम्प आणला तो कॅम्पातल्या चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका मुलानं. १२ इंची स्पीकर, कोन, म्हणजे पुढचा कागदी पडदा, पार चिरलेला. आमच्याकडे त्याच मापाचा पीएचा वूफर (सभा-मंडपातल्या लाउडस्पीकरचा, खालचे सूर वाजवणारा स्पीकर) होता. ओहम (विजेला होणारा अडथळा) तेवढेच, वॉट भरपूर, स्क्रूची भोकंसुद्धा जुळली. बसवून दिला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. "काका, आवाज येतो, पण गिटार पांघरुणाखाली वाजल्यासारखी वाटते." बाबांनी पैसे परत दिले. चूक आमचीच होती, आणि ती नेमकी कुठे झाली हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

पीएचा वूफर जड, ताठ कोनचा असतो. गिटारच्या स्पीकरचा कोन पातळ कागदाचा. २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तो जरा जास्तच बोलतो आणि साधारण ५ किलोहर्ट्झनंतर झपाट्यानं उतरतो. डिस्टॉर्शनची (मुद्दाम फाडलेल्या आवाजाची) किरकिर तिथेच गाळली जाते. म्हणजे इथे स्पीकर नुसता आवाज बाहेर टाकत नाही, तो घडवतो. हे उमगलं तेव्हापासून गिटारचं काम आम्ही वेगळं धरलं.

मग बदलीचे स्पीकर मागवू लागलो आणि तुलनेचा खरा घोळ सुरू झाला. गिऱ्हाईक पहिला प्रश्न वॉटचा, म्हणजे स्पीकर किती ताकद सोसेल याचा, विचारतो. आम्ही आधी ओहम बघतो. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पला ८ ओहमच्या जागी ८च हवा; दोन लावायचे तर १६चे दोन समांतर. मल्टीमीटरवर ८ ओहमची कॉइल साधारण ६ ते ७ दाखवते, त्याला खराब समजू नये. आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प चालू असताना स्पीकरची वायर काढू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

ओहम आणि वॉटनंतर संवेदनशीलता, म्हणजे एक वॉट दिला तर एक मीटरवर किती मोठा आवाज येतो. हा आकडा फारसं कोणी वाचत नाही, पण माझ्या मते फसगत इथेच होते. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा ६० वॉटचा, १०० डेसिबलचा. त्याच कंपनीचा ६५ वॉटचा क्रीमबॅक ९७चा. हा ३ डेसिबलचा फरक म्हणजे अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केल्यासारखा. ग्रीनबॅक २५ वॉटचा, ९८ डेसिबलचा. १५ वॉटच्या अ‍ॅम्पला मला तो फार आवडतो, ५० वॉटच्या अ‍ॅम्पला एकटा कधीच देणार नाही.

कानाला मोठा आवाज चांगलाच वाटतो. सुरुवातीला आम्ही एकामागून एक स्पीकर लावून ऐकवायचो आणि दर वेळी व्हिंटेज ३० जिंकायचा. घरी नेल्यावर त्यातले काही जण म्हणायचे, वरचे सूर टोचतात. तेव्हा पद्धत बदलली. एकाच मापाचे, एकाच प्लायचे, मागून उघडे असे तीन कॅबिनेट सुताराकडून करून घेतले, कारण खोका बदलला की आवाज बदलतो. गिऱ्हाइकानं स्वतःचा अ‍ॅम्प आणायचा. त्याचीच चार ओळींची धून लूपर पेडलवर (वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्रावर) भरायची, म्हणजे बोटांचा फरक उरत नाही. एक मीटर अंतरावर ध्वनिमापक ठेवून प्रत्येक स्पीकरची पातळी सारखी करायची. मध्ये बदलताना अ‍ॅम्प बंद. एवढं केलं की निवडी बदलतात: ब्लूज वाजवणारे बरेचदा ग्रीनबॅककडे झुकतात, आणि दोन गिटारच्या बँडमध्ये गर्दीतून वर यायचं असेल तर व्हिंटेज ३०.

नवा कोन थोडा आखडलेला असतो, महिनाभर वाजवा, मग मत बनवा. पावसाळ्यात अ‍ॅम्प भिंतीला टेकवून ठेवू नका, कागदाला ओल धरते.

काढलेला मूळ स्पीकर आम्ही खोक्यात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात देतो, वर ओहम आणि तारीख लिहून. अ‍ॅम्प विकायची वेळ आली की घेणारा तो हमखास मागतो.